मुसूचा पाणबुड्या

माझा नवरा जिवंत असताना मी एकदा विधवा झाले. ही गोष्ट मी सांगितली की माझ्या सुना एकमेकींकडे बघतात. म्हातारीच्या डोक्यात काहीतरी हललंय असं त्यांना वाटत असावं. वाटू दे. दुबईत त्या दुपारी ज्यांनी खांदा दिला त्यांच्यातले एकदोघं अजून आहेत, त्यांना विचारा म्हणावं.

साठचं दशक संपत आलं होतं. अमिरात नावाचा देश अजून झाला नव्हता. बर दुबईच्या खाडीकाठी प्रवाळाच्या दगडांचं एक जुनं घर होतं. त्याला वारा खाली आणणारा चौकोनी मनोरा होता आणि मधे अंगण. त्या घराच्या खालच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या होत्या. आमचे हे बंदराचं काम करणाऱ्या एका परदेशी कंपनीत स्टोअरकीपर होते. मी रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावरची, मराठी सातवी पास. तेवढ्या शिदोरीवर मी तिथल्या चार कोकणी बायकांत पंडितीण ठरले होते.

वरच्या मजल्यावर कंपनीने एका म्हाताऱ्या फ्रेंच माणसाला आणून ठेवलं. त्याला सगळे मुसू म्हणत. त्याच्या भाषेत साहेबाला तसंच काहीतरी म्हणतात. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तो गवंडी वाटला. कपड्यांवर चुना, दाढीत चुना, नखांत माती. हे म्हणाले, "अगो, मोठा कलाकार आहे तो. पुतळे करतो. त्यांच्या देशात गावोगावच्या चौकात याचे पुतळे उभे आहेत." मी म्हटलं, "मग इथे कशाला आला? इथे कोण पुतळे बघणारं आहे?" हे हसले. यांना हसण्याची फार सवय. घरात शिरले की उंबऱ्यापासून थट्टा सुरू. यांचं तोंड बंद आहे असं मी कधी पाहिलंच नव्हतं.

बंदराचं काम पुरं झालं की कंपनीला खाडीच्या तोंडाशी एक स्मारक भेट द्यायचं होतं. मोती काढायला बुडी मारणारा पाणबुड्या. इथली अर्धी घरं पूर्वी मोत्यांवर जगली, तेव्हा कल्पना वाईट नव्हती. पण माणसाची मूर्ती, आणि तीही मुसलमान मुलखात! आमच्या जमातीतले बुजुर्ग कुजबुजत होते. कंपनीचा हुकूम म्हणून कोणी मोठ्याने बोलत नव्हतं इतकंच.

मुसूचं जेवण माझ्याकडे लागलं. तांदळाची भाकरी आणि सुरमईचं कालवण त्याने असं खाल्लं की तीन माणसांचं जेवण एकट्याने संपवलं. जेवून झालं की तो अंगणात बसून एक जाड आल्बम उघडायचा आणि यांना फोटो दाखवायचा. त्याचं इंग्रजी मोडकं, यांचं त्याहून मोडकं. पण दोघांचं जमायचं. मी पडद्याआड बसून ऐकायची. हे मधूनमधून मला मराठीत सांगायचे.

पहिल्या मोठ्या लढाईत त्याच्या देशातल्या प्रत्येक गावाची तरुण पोरं मेली होती. मग प्रत्येक गावाला एक दगडी शिपाई हवा होता. मुसू तेव्हा विशीतला. तो या गावातून त्या गावात शिपाई घडवत फिरला. फोटोत दिसायचं, चौकाच्या मधोमध दगडी माणूस उभा आहे, खाली मेलेल्यांची नावं कोरली आहेत आणि पायऱ्यांवर पोरं गोट्या खेळताहेत. मला शहारा आला. कबरस्तानात पोरांना खेळू देतात का कुणी?

"पण तोंड कुणाचं घालायचे?" मी पडद्याआडून यांना विचारायला लावलं. मेलेल्यांचे चेहरे त्याला कुठून मिळणार?

मुसू म्हणाला, जिवंतांचे. एका गावात त्याने पावाच्या भट्टीवाल्याला समोर बसवलं होतं. हा भट्टीवाला पायाने अधू होता, म्हणून लढाईवर गेला नव्हता आणि म्हणून वाचला होता. पुतळा उभा राहिला. गावातल्या आया येऊन त्याच्या पायाशी फुलं ठेवू लागल्या. पुढे पुढे त्या भट्टीवाल्याकडून पाव घेताना वर बघेनात. पोरं त्याला घाबरू लागली. रोज सकाळी स्वतःच्याच दगडी तोंडासमोरून जायचं, खाली मेलेल्यांची नावं. शेवटी तो माणूस गाव सोडून गेला. "त्याला मी मारलं," मुसू म्हणाला आणि पान उलटलं.

दुसऱ्या पानावर पितळेसारख्या धातूचे पुतळे होते. एक डॉक्टर, एक पूल बांधणारा इंजिनीयर, अशी भली माणसं. ते सगळे दुसऱ्या लढाईच्या वेळी उतरवून वितळवले गेले. धातू हवा होता. ज्या डॉक्टरने आयुष्यभर माणसं वाचवली त्याचं वितळून काय झालं असेल, गोळ्या की तोफा, ते देवाला ठाऊक. मी पडद्यामागे "या अल्ला" म्हणाले. मुसूने खांदे उडवले. त्याला त्याचं काही नवीन राहिलं नव्हतं.

वरच्या मजल्यामागे गच्चीवर एक पत्र्याची शेड होती, तिथे त्याचं काम चाले. मी तिकडे कधी फिरकले नाही. हे मात्र दुपारी जेवून "स्टॉक तपासायचाय" म्हणून जायचे आणि उशिराने यायचे. मी कशाला संशय घेऊ? स्टोअरकीपरने स्टॉक तपासू नये तर काय करावं?

मातीत घडवून झालं, त्यावरून प्लास्टरचा पुतळा निघाला. तो मुसूच्या देशात जाऊन धातूत ओतला जाणार होता. पुतळा उभा, सरळ, पाय जोडलेले, कारण पाणबुडे पायाला दगड बांधून तसेच सरळ खाली जात. वाटेत मोडू नये म्हणून हात वेगळे केले होते. लाकडी पेटी मोठी, ती आमच्या गल्लीत वळेना, म्हणून धक्क्यावरच ठेवली होती. पुतळा तिथवर न्यायचा आणि पेटीत घालायचा. यांनी सकाळी बाजारात जाऊन पांढरं लाँगक्लॉथ आणलं. पुतळा त्यात गुंडाळला, डोक्याशी, कमरेशी आणि पायाशी पट्ट्यांनी बांधला, लांब फळीवर ठेवला आणि चार बलुची हमालांच्या खांद्यावर दिला. मग जहाजाच्या एजंटाला गाठायला हे अब्रात, म्हणजे खाडी ओलांडायच्या होडीत, बसून पलीकडच्या काठावर देऱ्याला गेले.

आता ही गोष्ट वाचणाऱ्या मुसलमानाच्या लक्षात आलंच असेल. बाकीच्यांना सांगते. कफनाला गाठी अशाच बांधतात. आणि रस्त्यात जनाजा दिसला की ओळख असो नसो, माणूस हातातलं काम टाकून पुढे होतो, चार पावलं खांदा देतो, मग दुसऱ्याला देतो. त्यात पुण्य आहे. परमुलखात तर जास्तच, कारण इथे मेलेल्याला घरचं कोण असतं?

जोहरची, म्हणजे दुपारची नमाज सुटली आणि लोक मशिदीतून बाहेर पडले, नेमकी त्याच वेळी ती फळी गल्लीच्या तोंडाशी आली. कोणीतरी कलिमा पढला. इराणी, बलुची, मलबारी, आमचे कोकणी, सगळे सरसावले. ज्या चौघांना आत काय आहे ते माहीत होतं ते पहिल्याच वळणावर बाजूला सारले गेले. एक ओरडत होता म्हणतात, पण जनाज्यामागे ओरडणाऱ्याला लोक थोपटून गप्प करतात. साधी फळी पाहून सगळ्यांनी ओळखलं की मयत कुणा गरीब मजुराची असणार. जो तो हळहळला. फळी धक्क्याऐवजी मशिदीकडे निघाली.

तिथे इमामसाहेबांनी विचारलं, मयत कोणाची, मर्द की औरत, वारस कोण? कुणालाच माहीत नाही. तेव्हा तोंडावरची गाठ सोडली गेली.

आमच्याकडचा कापडवाला पुढे उभा होता. त्याच्याच दुकानातून सकाळी यांनी ते कापड नेलं होतं. "कशाला हवंय?" विचारलं तर यांनी, "नको विचारू, गुपित आहे," म्हणून डोळे मिचकावले होते. त्याने कापडाच्या घडीतून पांढराफटक चेहरा पाहिला. डोळे मिटलेले. चेहरा यांचा. तो पुढे काही बघायला थांबलाच नाही.

मी अंगणात मासे साफ करत होते. तो दारात आला आणि भिंतीला धरून उभा राहिला. म्हणाला, "भाभी, सबर करो. तो गेला."

"कोण गेला?"

"सकाळी त्याने स्वतःच कापड नेलं गो भाभी. माझ्याच हातून. मला काय माहीत कोणासाठी!"

माझ्या हातात सुरी होती. मला आठवतं, मी ती धुतली. नीट धुतली आणि जागेवर ठेवली. तोवर शेजारच्या घरातली दापोलीची खाला, आम्हा सगळ्यांची मावशी, आली. तिच्यामागून आणखी दोघी आल्या. खाला नियमाने वागणारी बाई. बांगड्या फोडायच्या नसतात, उतरवायच्या असतात, म्हणून तिने माझ्या मनगटांना साबण लावला आणि हिरव्या बांगड्या एकेक करून काढल्या. गळ्यातली काळी पोत काढली. माझ्या डोक्यावर पांढरी ओढणी टाकली. मी बघत होते. हे सगळं दुसऱ्याच कुणाच्या हातांचं चाललंय असं वाटत होतं. खाला म्हणाली, "रड, बाय, रड." मला रडू येईना. मी म्हटलं, "त्यांनी जाताना भात अर्धाच खाल्ला. म्हणाले परत येऊन खातो."

एवढ्यात जिन्यावरून धडधड करत मुसू उतरला. हमालांपैकी एकाने त्याला गाठून सांगितलं असावं. खाली आला तेव्हा त्याने मला पाहिलं, पांढरी ओढणी पाहिली, मोकळी मनगटं पाहिली, आणि त्याचा चेहरा उतरला. तो त्याच्या भाषेत काहीतरी भराभरा बोलला. कोणाला कळणार? खाला ओरडली, "बाहेर जा, परका मर्द, बाई इद्दतीत बसलीय!" नवरा मेल्यावर बाईने काही महिने परक्यांपासून दूर घरातच बसायचं, ती इद्दत. मुसू तसाच वळला, वर धावला आणि परत आला. त्याच्या हातात एक हात होता.

खांद्यापासून तोडलेला, पांढरा, मूठ वळलेला. दोघी बायका किंचाळून खोलीत पळाल्या. मी पळाले नाही. मी त्या मुठीकडे बघत होते. अंगठ्याच्या बुडाशी एक खूण होती. लहानपणी यांना मासेमारीचा गळ लागला होता, त्याची. ती खूण माझ्या बोटांना पाठ होती. मला वाटलं, यांना मारलंय आणि वर तुकडे केलेत. मी जी किंकाळी फोडली ती खाडीपर्यंत ऐकू गेली असं नंतर लोक सांगत.

मुसूने दोन्ही हातांनी तो हात डोक्यावर उचलला आणि अंगणातल्या दगडी पायरीवर आपटला. त्याचे तुकडे झाले. आत पांढरा भुगा होता आणि काथ्यासारखे तंतू. त्याने मूठभर भुगा घेऊन माझ्या पुढ्यात धरला. "नो मॅन," तो म्हणत होता, "नो मॅन, मादाम." किती दिवसांची मेहनत त्याने माझ्या पायाशी फोडली हे कळायला मला पुढे वेळ लागला. त्या क्षणी मला फक्त भुगा दिसत होता.

मग यांचा हात यांच्या अंगावर असणार. पण हे कुठे होते?

"वो किधर है?" मी विचारलं. मुसूने खाडीच्या दिशेने बोट दाखवलं आणि तळवे उघडे केले. त्यालाही नक्की माहीत नव्हतं. मी उठले. खालाने ओढणी धरली, "बाहेर पाऊल टाकू नको, इद्दत आहे तुझी!" मी म्हटलं, "खाला, मला आधी माझा नवरा बघू दे. मग बसते किती महिने सांगशील तितके."

मी दारात गेले आणि तिथेच थांबले. गल्लीतून जनाजा येत होता. तीच फळी, तेच पांढरं कापड. मशिदीत इमामसाहेबांनी गालाला हात लावला, तो दगडासारखा लागला, आणि सगळा जमाव मागे सरला होता. त्यानंतर त्या फळीला शिवायला कोण तयार होईल? हमाल तर कधीच पसार झाले होते. तीन कोपऱ्यांना तीन कोकणी पोरं तोंडं पाडून खांदा देत होती. आणि पुढचा उजवा कोपरा ज्याच्या खांद्यावर होता तो माझा नवरा होता. देऱ्याहून परतून, पुतळा शोधत मशिदीपर्यंत धावलेला, घामाने भिजलेला, टोपी गेलेली. स्वतःचा जनाजा स्वतः उचलून घरी येत होता.

मी हसले की रडले, मला आठवत नाही. खाला सांगायची की मी यांना शिवी दिली. दिली असेन.

फळी अंगणात उतरवली तोवर मागोमाग जमातीचे बुजुर्ग आले. ते संतापले होते, आणि त्यांचं चुकत होतं असं मला आजही म्हणवत नाही. माणसाने आपल्या चेहऱ्याची मूर्ती करू द्यावी, ती कफनात बांधावी, त्यापुढे लोकांनी कलिमा पढावा! अल्लाने राखलं म्हणून नमाज पढली गेली नाही. त्यांच्यातले सगळ्यात थोरले चाचा, जे मचव्यातून फार पूर्वी इथे आले होते, म्हणाले, "बस, खलास. हे इथेच फोडायचं. आत्ता. आमच्या देखत."

यांनी मान खाली घातली आणि मुसूला सांगितलं. मुसूने वाद घातला नाही. म्हणाला, "माझे याहून मोठे वितळलेत." खिशातला छोटा हातोडा काढून त्याने यांच्या हातात दिला. हे फळीपाशी गेले. हातोडा उचलला. आणि तसाच खाली घेतला. मग चाचांनी त्या पोरांकडे पाहिलं. तीही मागे सरकली. थोड्या वेळापूर्वी त्यांनी त्याला भाऊ समजून खांदा दिला होता, आता त्याच तोंडावर हातोडा कोण घालणार?

"द्या इकडे," मी म्हटलं. मला त्या वस्तूचा इतका राग आला होता की मला कोणी सांगायची गरजच नव्हती. तिने मला बसल्या जागी विधवा केलं होतं. मी हातोडा घेतला, गाठ सोडली, कापड बाजूला केलं.

तो चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

यांचाच होता. नाक यांचं, कपाळ यांचं. पण मी ज्या माणसाबरोबर संसार करत होते त्याचा तो चेहरा नव्हता. डोळे मिटलेले होते. तोंडाच्या कडा खाली ओढलेल्या. भुवयांच्या मधे एक आठी, जी मी कधी पाहिली नव्हती, कारण हे माझ्यासमोर आले की हसत यायचे. हा माणूस थकलेला होता. दिवसभर काम करून येतो तसा थकवा नव्हता तो. खूप मागून, खूप खोलातून आलेला होता. 

मी मुसूकडे वळले. "ये कैसे देखा?" यांनी भाषांतर केलं नाही, पण त्याला प्रश्न कळला. त्याने दोन्ही हात गालाला लावून झोपेची खूण केली. मग यांच्याकडे बोट दाखवलं. समोर बसल्या बसल्या हे झोपून जायचे, आणि तो तेच घडवत गेला होता.

हे तिथेच उभे होते. ओठांवर हसू आणायला बघत होते.

"हसू नका," मी म्हटलं. "खरं सांगा. कधीपासून?"

 हे फळीच्या कडेवर बसले आणि सगळ्या बुजुर्गांच्या देखत, पोरांच्या देखत म्हणाले, "इथे उतरलो त्या दिवसापासून. मला घरी जायचंय गो."

गल्फमध्ये राहिलेल्या माणसांना सांगावं लागणार नाही. हे वाक्य तिथे कोणी बोलत नाही. आजारपण सांगतात, साहेबाच्या शिव्या सांगतात, उन्हाळा सांगतात. पण घरी जायचंय, हे कमावत्या मर्दाने चारचौघांत म्हणायचं नसतं.  कापडवाला भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी हातोडा खाली ठेवला.

थोरले चाचा पुढे आले. मला वाटलं, आता चाचा स्वतःच फोडणार. ते वाकले, त्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिले, मग कापड ओढून त्यांनी तो झाकला आणि गाठ बांधली. "घेऊन जाऊ दे त्याला," ते म्हणाले आणि चपला शोधू लागले.

"मग चला," मी यांना म्हटलं. "पुढच्या बोटीने जाऊ."

आम्ही गेलो नाही. पुढच्या बोटीने नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. गावी घराचं काम निघालं, यांच्या बहिणीचं लग्न निघालं, मग मुलं झाली. मुसू आपल्या देशी परत गेला. त्याचं स्मारक त्या खाडीवर कधी उभं राहिलं नाही. कुणी म्हणालं त्याच्या गावच्या चौकात उभं आहे, कुणी म्हणालं म्हातारा वारला आणि काम तसंच राहिलं. मला माहीत नाही.

जहाज सुटलं त्या दिवशी पेटी चढवायला हे स्वतः धक्क्यावर गेले होते. पेटीतला तो एका हाताचा माणूस गेला. हे संध्याकाळपर्यंत काठावर उभे राहिले आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर कामाला गेले.